पदकाचे पुस्तक, परक्याचे मूल

१९२८ साली अमेरिकेतले बालसाहित्याचे ‘न्यूबेरी पदक’ एका कबुतराच्या गोष्टीला मिळाले. लेखक होते धनगोपाल मुखर्जी. १८९० साली कोलकात्याजवळच्या एका गावात जन्मलेले हे गृहस्थ ऐन विशीत जपानमार्गे कॅलिफोर्नियात पोचले आणि पडेल ते काम करत बर्कली आणि स्टॅनफर्डला शिकले. त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘गे-नेक’ आणि नायकाचे नाव चित्रग्रीव. हे पाळीव कबूतर कोलकात्यात वाढते, हिमालयाचा प्रवास करते, पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर निरोप्या होते आणि तिथल्या भडिमाराने मनात घर केलेली भीती घेऊन मायदेशी परतते. ती भीती घालवायला पुढे हिमालयातल्या लामांचा सहवास लागतो. युद्धाने मनाचे काय होते हे १९२७ साली मुलांच्या पुस्तकात, तेही एका पक्ष्याच्या तोंडून सांगणे सोपे नव्हते. हे पदक मिळवणारे मुखर्जी हे पहिले भारतीय वंशाचे लेखक. १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचा अंत झाला.

आज भारतात हे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. अमेरिकेतही पदकविजेत्यांच्या यादीत ते दरवर्षी छापले जाते, पण यादी वाचून पुस्तक मागायला येणारे मूल विरळाच. मग ‘गे-नेक’ अजून वाचले जाते ते कसे? त्याच्या जुन्या प्रती हातोहात फिरत राहिल्या, हे त्याचे एक कारण. अमेरिकेतली सार्वजनिक वाचनालये न फिरणारी पुस्तके ठरावीक काळाने काढून टाकतात. ‘विथड्रॉन’ असा शिक्का बसलेल्या या प्रती मग वाचनालयाच्या मित्रमंडळाच्या विक्रीत, चर्चच्या तळघरात, घराच्या अंगणात मांडलेल्या जुन्या सामानात थोडक्या पैशांत मिळतात. कुणीतरी त्या उचलतो, वाचतो, दुसऱ्याला देतो. १ जानेवारी २०२३ पासून तर हे पुस्तक अमेरिकेत हक्कमुक्तच झाले आहे.

पुरस्काराने पुस्तकाला नाव मिळते, पण ते मुलापर्यंत जाण्यासाठी कुणाला तरी ते हातातून सोडावे लागते. आणि पदक मिळालेल्या पुस्तकाच्या बाबतीत नेमके हे सोडणेच मोठ्या माणसांना जड जाते. या दोन गोष्टींमधली ओढाताण वाटते तितकी किरकोळ नाही. बालसाहित्याचे पुरस्कार कशासाठी द्यायचे, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात दडलेले आहे.

जॉन न्यूबेरी हा अठराव्या शतकातला लंडनचा पुस्तकविक्रेता. १७४४ साली त्याने मुलांसाठी एक चिमुकले पुस्तक काढले. नुसते पुस्तक सहा पेन्सला, आणि मुलासाठी चेंडू किंवा मुलीसाठी टाचण्यांची गादी हवी असेल तर आठ पेन्सला. मुलांच्या पुस्तकात करमणूक असावी आणि ते मुलांना हवेसे वाटावे, हे ज्यांनी आधी ओळखले त्यांत हा धंदेवाईक माणूस होता. त्याचीच पुस्तके पुढे १७८० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या आयझाया थॉमस या मुद्रकाने परवानगीचा विचार न करता छापली आणि अमेरिकन मुलांच्या हाती दिली. ज्याची पुस्तके अमेरिकेत अशी आडवाटेने गेली, त्याच्याच नावाने अमेरिकेचा हा मानाचा पुरस्कार दिला जातो, आणि तोही फक्त अमेरिकेचे नागरिक वा रहिवासी असलेल्या लेखकांना! फ्रेडरिक मेल्चर या पुस्तक-व्यवसायातल्या गृहस्थांनी १९२१ साली ही कल्पना ग्रंथपालांपुढे मांडली आणि १९२२ साली पहिले पदक दिले गेले. पदकाचे शिल्प रेने शांबेलाँ याचे. त्यावर एक लेखक एका मुलाला आणि एका मुलीला आपले पुस्तक देतो आहे असे दाखवले आहे. म्हणजे पदकावर कोरलेला प्रसंग देण्याचा आहे. जिंकणाऱ्याच्या डोक्यावर मुकुट वगैरे काही नाही.

प्रत्यक्षात मात्र या पदकाची सोनेरी चकती मुखपृष्ठावर चिकटली की पुस्तकाचे गिऱ्हाईक बदलते. दुकानात ती चकती पाहून पुस्तक उचलतात ते आजोबा, मावशी, शिक्षिका, शाळेच्या ग्रंथालयाचे खरेदीदार. त्यांच्या दृष्टीने ती हमी असते: हे पुस्तक चांगले आहे, हे देऊन आपण चुकणार नाही. एरवी दोन-चार वर्षांत बाजारातून नाहीशी झाली असती अशी पुस्तके या हमीच्या बळावर वर्षानुवर्षे छापली जातात, हे मान्यच करायला हवे. पण हमी मोठ्यांना असते, मुलाला नव्हे. बालसाहित्याच्या जाणकार समीक्षक अनिता सिल्वे यांनी २००८ साली ‘स्कूल लायब्ररी जर्नल’मध्ये न्यूबेरीची वाट चुकली आहे का, असा सरळ प्रश्न विचारला, तेव्हा बरेच वादळ उठले. निवड समितीला आवडणारी पुस्तके आणि मुलांनी आपणहून उचललेली पुस्तके यांत अंतर पडत चालले आहे, ही त्यांची तक्रार होती. विरोधकांचे म्हणणे असे की, पुरस्कार लोकप्रियतेसाठी नसून वाङ्मयीन गुणवत्तेसाठी आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे, आणि त्यामुळेच हा वाद समितीच्या खोलीत कधी सुटणार नाही.

तो सुटतो तो पुस्तक समितीच्या, दुकानाच्या आणि आजोबांच्या ताब्यातून बाहेर पडल्यावर.

कारण चकतीवाले पुस्तक घरात आले की त्याच्याभोवती मोठ्यांच्या अपेक्षांचे कुंपण पडते. आपल्याकडचे चित्र वेगळे नाही. बक्षीस समारंभात मिळालेल्या पुस्तकाला प्लास्टिकचे कव्हर चढते, पहिल्या पानावर शाळेचा शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही असते, ‘पानं दुमडू नकोस’ अशी ताकीद मिळते आणि पुस्तक काचेच्या कपाटात जाते. वाचलेच तर ‘काय शिकलास यातून?’ हा प्रश्न दबा धरून बसलेला असतो. एखाद्या पुस्तकाला मारण्याचा इतका सभ्य मार्ग दुसरा सापडणे कठीण.

अनोळखी माणसाकडून आलेल्या पुस्तकाला यातले काहीच चिकटलेले नसते. देणारा समोर नसतो, त्यामुळे आभार मानायचे नसतात. आवडले नाही तर तसे सांगून कुणाचे मन दुखावण्याचाही प्रश्न नसतो. तिसऱ्या पानावर कंटाळा आला तर मूल ते पुस्तक जिथे सापडले तिथेच परत ठेवू शकते. वाचकाचा हा हक्क मोठ्यांना सहज मिळतो, पण मुलांना तो मिळवताना मारामार पडते. परक्याने दिलेले पुस्तक तो हक्क मुलाला न बोलता देऊन टाकते.

हा व्यवहार जाणूनबुजून करणाऱ्या माणसांची जगातली सर्वांत ठळक चळवळ म्हणजे ‘बुकक्रॉसिंग’. एप्रिल २००१ मध्ये रॉन हॉर्नबेकर या अमेरिकन संगणक व्यावसायिकाने ती सुरू केली. डॉलरच्या नोटा कुठून कुठे गेल्या याचा माग ठेवणारा एक छंद तेव्हा अमेरिकेत चालू होता, त्यावरून त्यांना पुस्तकांचे सुचले. पद्धत साधी आहे: पुस्तकाला एक क्रमांक द्यायचा, तो आत चिकटवायचा आणि पुस्तक बागेतल्या बाकावर, रेल्वेच्या डब्यात, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात ठेवून निघून जायचे. ज्याला सापडेल त्याने क्रमांक नोंदवून दोन ओळी लिहाव्यात आणि वाचून पुढे सोडावे. २००४ साली ‘बुकक्रॉसिंग’ हा शब्द ‘कन्साइज ऑक्सफर्ड’ शब्दकोशात गेला. आज शंभराहून अधिक देशांत मिळून एक कोटीहून जास्त पुस्तके या रीतीने नोंदली गेली आहेत.

या मंडळींची स्वतःची परिभाषा आहे. कुणीही उचलावे म्हणून उघड्यावर ठेवणे ही ‘वाइल्ड रिलीज’. ठरवून एखाद्याला देणे ही ‘कंट्रोल्ड रिलीज’. याशिवाय ‘रिंग’ आणि ‘रे’. रिंगमध्ये एक पुस्तक नाव नोंदवलेल्या अनोळखी वाचकांच्या यादीप्रमाणे टपालाने एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि शेवटी मालकाकडे परत येते. रेमध्ये ते परत यावे अशी अट नसते, शेवटच्या वाचकाने त्याचे काय करायचे ते ठरवावे. न्यूबेरी विजेती पुस्तके या रिंगांसाठी फार सोयीची ठरतात. त्यांची यादी तयार असते, ओळीने सगळी वाचून काढण्याचा संकल्प करणारे प्रौढ वाचकही बरेच असतात, आणि अनोळखी माणसाला टपालखर्च सोसून पुस्तक पाठवताना ‘बरे निघेल ना?’ ही शंका चकतीमुळे उरत नाही. दोन परक्या माणसांत विश्वास नसतो, तो काही काळ ती चकती पुरवते. पुरस्काराचा याहून चांगला उपयोग समित्यांनासुद्धा सुचला नसेल.

तरी बुकक्रॉसिंगमध्ये एक मेख आहे. क्रमांक चिकटवण्यामागे पुस्तकाची खबर मिळावी ही इच्छा असते. आणि खबर बहुतेक वेळा मिळत नाही. उघड्यावर सोडलेल्या पुस्तकांपैकी पुष्कळशी कायमची मौन पाळतात, आणि मुलांची पुस्तके तर अधिकच. आठ-नऊ वर्षांचे मूल क्रमांक नोंदवून अभिप्राय लिहीत बसत नाही. ते पुस्तक उराशी धरून घरी जाते, किंवा गाडीतल्या सीटखाली विसरते. नव्या सभासदांना यामुळे खट्टू व्हायला होते. मुरलेले सभासद मात्र सांगतात की, खबरीची वाट पाहणारा माणूस फार काळ टिकत नाही. इथे या चळवळीच्या गाभ्यातच विसंगती आहे: सोडायचे तर आहे, पण दोरीही हातात ठेवायची आहे. मुलांच्या पुस्तकापुरते तरी दोरी सोडलेली बरी. मुलाने काय वाचले, किती वाचले, त्यातून काय घेतले याची नोंद ठेवणारी यंत्रणा शाळेत असते, घरात असते. एखादी जागा तरी नोंदवहीशिवाय असू द्यावी.

नोंदवही नसलेली जागा अमेरिकेतच २००९ साली तयार झाली. विस्कॉन्सिन राज्यातल्या हडसन गावी टॉड बोल या गृहस्थांनी शिक्षिका असलेल्या आपल्या आईच्या स्मरणार्थ, जुन्या दाराच्या लाकडातून एका खोलीच्या शाळेसारखी दिसणारी पेटी बनवली, तीत पुस्तके ठेवली आणि ती अंगणात खांबावर उभी केली. घ्या, आणि जमले तर ठेवा. सभासदत्व नाही, दंड नाही, तारखेचा शिक्का नाही. रिक ब्रूक्स यांच्या साथीने त्यांनी ‘लिटल फ्री लायब्ररी’ उभी केली. अँड्र्यू कार्नेगी यांनी ज्या २,५०९ वाचनालयांना पैसा दिला, त्याहून एक तरी पेटी जास्त, हे त्यांचे पहिले उद्दिष्ट होते. ते २०१२ सालीच मागे पडले, आणि आता अशा पेट्यांची संख्या लाखाच्या वर गेली आहे. बोल २०१८ मध्ये वारले.

या पेट्यांचे कौतुक पुष्कळ झाले. त्यांच्यावर झालेली टीका मात्र कमी लोकांच्या कानावर आली. कॅनडातल्या जेन श्मिट आणि जॉर्डन हेल या दोन ग्रंथपालांनी २०१७ साली या पेट्या कुठे आहेत ते नकाशावर मांडून पाहिले, तेव्हा त्या बहुतांशी सुखवस्तू आणि सार्वजनिक वाचनालये आधीच जवळ असलेल्या वस्त्यांत निघाल्या. ज्यांच्या घरी कपाटे भरलेली आहेत ते एकमेकांची कपाटे भरत होते. ही टीका गंभीरपणे घ्यायला हवी, कारण पुस्तकांचा दुष्काळ सगळीकडे सारखा नसतो. सुसान न्यूमन आणि डॉना सेलानो यांनी फिलाडेल्फियातल्या चार वस्त्यांमध्ये फिरून मुलाला वाचायला काय मिळते याची मोजदाद केली होती. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सधन वस्तीतल्या मुलाला पुस्तकांतून निवडायची चैन होती, तर गरीब वस्तीत विकत घ्यायची म्हटली तरी पुस्तके मिळत नव्हती. २०१५ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या ॲनाकॉस्टिया भागात मुलांना फुकट पुस्तके देणारी स्वयंचलित यंत्रे बसवण्यात आली. वेफर्सची पुडी पडावी तसे पुस्तक खाली पडे, आणि ते घ्यायला मुले येत. यंत्राहून परका देणारा कुठला असणार! त्यावरूनही न्यूमन यांनी जे नोंदले ते पुढची दिशा दाखवणारे आहे: पुस्तक नुसते जवळ असून भागत नाही, आसपास वाचनाला हुरूप देणारे मोठे माणूसही लागते.

मग मघाशी म्हटलेले ‘देणारा समोर नको’ याचे काय? दोन्ही गोष्टी एकत्र बसतात. देणारा परका असावा, पण जवळचे माणूस सोबत असावे. पुस्तकाच्या मागे ‘मी एवढे पैसे खर्च केले’ हे ओझे नसेल, तर आईला किंवा आजीला मुलाशेजारी बसून नुसते वाचता येते. वसुली करायची नसते.

पुस्तक पुढे देण्याचा हा हक्क आपोआप आलेला नाही, कायद्यात तो भांडून मिळाला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॉब्ज-मेरिल या अमेरिकन प्रकाशकाने एका कादंबरीत छापले की, हे पुस्तक एक डॉलरहून कमी किमतीला विकणे म्हणजे हक्कभंग. मेसीज या न्यूयॉर्कच्या दुकानाने ते ८९ सेंटना विकले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०८ साली निकाल लागला: प्रत एकदा विकली की त्या प्रतीवरचा प्रकाशकाचा ताबा संपतो. ती पुढे विकावी, उसनी द्यावी, बाकावर सोडावी, तो मालकाचा प्रश्न. भारतीय कायद्याचीही भूमिका साधारण हीच आहे, म्हणून तर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातली आणि मुंबईच्या फोर्टमधल्या पदपथांवरची जुन्या पुस्तकांची दुकाने चालली. ई-पुस्तकाच्या बाबतीत मात्र वाचक सहसा प्रत विकत घेत नाही, तो वाचण्याचा परवाना घेतो. ते पुस्तक बाकावर सोडता येत नाही. मुलांच्या हाती कागदाचे पुस्तक असावे याची जी हळवी कारणे दिली जातात, त्यांहून हे रोकडे कारण जास्त वजनाचे आहे.

हा हक्क एकदा भलत्याच बाजूने धोक्यातही आला होता. खेळण्यांतल्या शिशाच्या भीतीने अमेरिकेत २००८ साली एक कायदा झाला, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये त्यातल्या कडक मर्यादा लागू झाल्या. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची प्रत्येक वस्तू त्यात आली आणि पुस्तकही वस्तूच ठरले. १९८५ पूर्वीच्या छपाईच्या शाईत शिसे असू शकते, या शंकेने काही जुन्या वस्तूंच्या दुकानांनी मुलांची जुनी पुस्तके फळ्यांवरून उतरवली. म्हणजे सहा दशकांतल्या न्यूबेरी विजेत्यांच्या मूळ आवृत्त्या अचानक संशयित! २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन साधी पुस्तके त्यातून वगळण्यात आली. मधल्या अडीच वर्षांत किती पुस्तके लगद्यात गेली असतील, याची नोंद कुणी ठेवली असण्याची शक्यता नाही.

पुस्तके फिरू लागली की लेखकाचे नुकसान होते, हा आक्षेप नेहमी येतो. एक प्रत दहा घरांत फिरली तर नऊ प्रती विकल्या गेल्या नाहीत, असा हा हिशेब. तो मुलांच्या पुस्तकाला तरी लागू पडत नाही. ज्या मुलाच्या घरी पुस्तक विकत घेण्याचा विषयच निघत नाही, त्याला फुकट मिळालेल्या प्रतीने कुणाचीच विक्री बुडत नाही. उलट वाचनाची गोडी लागलेले मूलच वीस वर्षांनी दुकानात शिरते. लेखकाला भरपाई द्यायची असेल तर त्याचेही मार्ग आहेत. डेन्मार्कने १९४६ साली आणि ब्रिटनने १९७९ साली कायदा करून वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांसाठी लेखकांना सरकारी पैसा द्यायचे ठरवले. अमेरिकेत अशी सोय नाही, भारतातही नाही. लेखकांच्या मिळकतीची खरी काळजी असलेल्यांनी इथे सरकारशी भांडावे. बाकावर पुस्तक ठेवणाऱ्याला दोष देणे फारच सोपे आहे.

परक्यांमार्फत फिरण्याचे महत्त्व सर्वांत जास्त कळते ते पुरस्कारप्राप्त पुस्तकालाच दार बंद झाल्यावर. २००७ ची न्यूबेरी विजेती कादंबरी सुसान पॅट्रन यांची. तिच्या पहिल्याच पानावर कुत्र्याच्या शरीराच्या एका अवयवाचे शास्त्रीय नाव आहे, एवढ्यावरून काही शाळांच्या ग्रंथपालांनी ती घ्यायचे नाकारले. २०२० साली जेरी क्राफ्ट यांच्या ‘न्यू किड’ला पदक मिळाले. चित्रमालिकेच्या रूपातल्या कादंबरीला ते पहिल्यांदाच मिळत होते. श्रीमंत खासगी शाळेत गेलेल्या एका कृष्णवर्णीय मुलाची ही गोष्ट. पुढच्याच वर्षी टेक्सासमधल्या केटी या गावच्या शाळांनी पालकांच्या तक्रारीवरून ते पुस्तक कपाटातून काढले, आणि छाननीनंतर परत ठेवले. देशातल्या ग्रंथपालांच्या संघटनेने गौरवलेले पुस्तक एका गावातल्या मुलांना काही दिवस शाळेत मिळत नव्हते. अशा वेळी कोपऱ्यावरची लाकडी पेटी, मैत्रिणीच्या भावाची प्रत किंवा बसथांब्यावर सापडलेले पुस्तक हाच रस्ता उरतो. संस्थांची मर्जी फिरते. अंगणातल्या पेटीला ठराव लागत नाही.

महाराष्ट्राचा या साऱ्याशी संबंध केवळ मुखर्जींच्या भारतीयत्वापुरता नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आधाराने विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना बुकक्रॉसिंगपेक्षा काही बाबतींत अधिक शहाणी आहे. शंभर पुस्तकांची एक ग्रंथपेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते. काही महिन्यांनी ती उठून दुसऱ्या गटाकडे जाते आणि पहिल्याकडे नवी पेटी येते. एकमेकांचे तोंडही न पाहिलेले वाचक तीच पुस्तके वाचतात. लोकांनी वाढदिवसाच्या खर्चातून दिलेल्या देणग्यांवर पेट्या वाढल्या, आणि मराठी माणसांमागोमाग त्या दुबईपर्यंतही गेल्या. माग ठेवण्याची हौस इथे नाही, पण पुस्तक रद्दीत जाऊ नये एवढी काळजी आहे. पेटी सांभाळणारे एक ओळखीचे माणूस असते, आणि न्यूमन यांनी सांगितलेली सोबत इथे आपसूक मिळते.

मराठीतली उणीव पुरस्कारानंतरच्या टप्प्यावर आहे. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार देते: ५०,००० रुपये आणि ताम्रपट. २०११ मध्ये दिलीप प्रभावळकरांच्या ‘बोक्या सातबंडे’ला, २०१९ मध्ये सलीम मुल्ला यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ला, २०२२ मध्ये संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला तो मिळाला. बोक्याला नाटक-सिनेमाने घरोघर नेले. बाकीच्यांचे काय? बातमी येते, सत्कार होतो, आवृत्ती निघते. मराठीत बालपुस्तकाची आवृत्ती म्हणजे बहुधा हजार-दोन हजार प्रतींचा मामला, आणि त्यातला मोठा वाटा शहरांतल्या आधीच पुस्तके असलेल्या घरांत जातो. श्मिट आणि हेल यांना कॅनडात जे दिसले तेच इथे नकाशा न काढताही दिसते. अकादमीने पुरस्काराच्या रकमेबरोबर विजेत्या पुस्तकाच्या काही हजार प्रती विकत घेऊन आश्रमशाळा, ऊसतोड कामगारांच्या मुलांची हंगामी वसतिगृहे आणि तालुक्याची वाचनालये यांना का देऊ नयेत? पुढे द्यायच्या अटीवर, परत मागायच्या नाहीत. लेखकाला मानधन मिळेल, प्रकाशकाला आवृत्ती मिळेल, आणि ताम्रपटाला मुलांशी काही देणेघेणे उरेल.

सरकारची वाट पाहायची गरज मात्र नाही. टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांसाठीची स्वस्त रजिस्टर्ड बुकपोस्ट सेवा बंद केली तेव्हा प्रकाशक आणि वाचक हळहळले, ते योग्यच होते. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही नवी सेवा सुरू झाली आहे, आणि तिचे दर ३०० ग्रॅमपर्यंतच्या पुस्तकाला २० रुपयांपासून सुरू होतात. मुलांची बहुतेक मराठी पुस्तके एवढ्या वजनात बसतात. तेव्हा यंदा बालसाहित्य पुरस्कार जाहीर झाला की त्या पुस्तकाच्या दोन प्रती घ्या. एक घरच्या मुलासाठी. दुसरी ओळखीपाळखी नसलेल्या एखाद्या गावच्या शाळेला पाठवा, किंवा एसटी स्टँडवरच्या बाकावर, सरकारी दवाखान्याच्या बालविभागात ठेवून या. जुनी फाटकी नको, नवी कोरी ठेवा. आत स्वतःचे नाव, पत्ता, फोन नंबर, स्मृतिप्रीत्यर्थ वगैरे काही लिहू नका. लिहायचेच असेल तर ‘वाचून झाल्यावर पुढे द्या’ एवढेच लिहा.